आंबील कुठवर शिंपायची

येळवस दोन दिवसांवर आली होती आणि पुनमला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं, यंदा आपल्या रानात कुणी जेवायला येऊ नये.

असं वाटणंसुद्धा पाप. त्या वेळ अमावस्येला गावात चूल पेटत नाही, सगळं गाव रानात असतं. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून कडब्याच्या कोपीशी बसवायचं, पालेभाज्या-शेंगांची भज्जी वाढायची, तांब्याभर ताकातली आंबील पाजायची. लग्न होऊन आल्यापासून पुनम वाट बघायची या दिवसाची. तिची दोन वर्षांची लेक नंदा मागच्या येळवशीला आंबिलीच्या वाडग्यात तोंड बुडवून बसली होती आणि नाकाच्या शेंड्याला लागलेलं ताक जिभेनं काढू बघत होती. सगळी पंगत हसली होती. यंदा त्याच पंगतीपुढं जायचं तिच्या जिवावर आलं होतं.

कारण ओढ्याची रेघ.

गावाच्या खालच्या अंगाला ओढा होता. आता होताच म्हणायचं. दोन्ही काठच्या लोकांनी दर पेरणीला नांगराचं एकेक तास आत घालत घालत त्याची पार पन्हाळी करून टाकली होती. पावसाळ्यात पाण्याला वाट सापडायची नाही, मग ते रानातून धावायचं आणि चांगली काळी माती घेऊन जायचं. आणि होळी आली की विहिरी कोरड्या ठणठणीत. नांदेडच्या एका संस्थेनं ओढा खोदायला मशीन द्यायचं कबूल केलं. अट एकच होती, ओढ्याला त्याची जुनी रुंदी परत द्यायची, आणि ती गावानं आपल्या हातानं आखायची. संस्थेची महामाया ताई गावाला विचारून जुना काठ कुठं होता ते दाखवायची आणि बचत गटाच्या बाया चुन्याच्या फक्कीनं पांढरी रेघ मारायच्या. रेघ बायांनी मारली की बांधावर गडी हातघाईवर येत नाहीत, हे महामाया ताईनं बाकीच्या गावांत पाहिलं होतं.

गटाची अध्यक्ष पुनम. नंदाला कडेवर घेऊन तिनं घर न् घर पालथं घातलं होतं. पहिली गेली ती खातूनबीकडं. पुनमच्या सासऱ्याच्या रानासमोर, ओढ्याच्या पलीकडच्या काठाला म्हातारीची जमीन. नवरा गेलेला, मुलगा अजीज अहमदपूरला शिलाईच्या दुकानात. खातूनबीनं नंदाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू म्हणतीस ना बेटा, मग घे." एवढंच. ओढ्यात जाणारी हरभऱ्याची पट्टी घाट्याला आलेली होती. ती तिनं दुसऱ्या दिवशी हिरवीच उपटून शेळ्यांना घातली.

मग बाकीचे तयार झाले. बजरंग तेवढा अडून बसला होता. ग्रामसभेत उठून म्हणाला, "वैनी, एक इचारू का? रेघ तुमच्या रानाशी आल्यावर बी सरळच ऱ्हाईल न्हवं? का तिथं तिला मुरड पडंल?"

सगळे हसले. पुनमही हसली. "सरळच राहील, भावजी. दोरी तुम्ही धरा पाहिजे तर."

"नको बाबा. तुमच्यावर इश्वास हाय आपला."

आणि त्यानं तुरीच्या दोन ओळी काढून दिल्या.

रेघ पुनमच्या रानाशी आली तेव्हा ऊन कलत होतं. हाताला फक्कीनं आग होत होती, नंदा झोपेला येऊन किरकिर करत होती. रविकिरण, तिचा नवरा, जवारीत उभा होता. जवारी हुरड्यात आलेली, कणसं अशी वाकलेली की हात लावावासा वाटावा. तो भांडला नाही, ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, ती त्याला चार शब्द बोलली असती. तो नुसतं म्हणाला, "दाणा भरलाय गं. जरा आतून घे की. कोण बघून राहिलंय?"

महामाया ताई मशीनवाल्याचा फोन घ्यायला वर रस्त्याकडं गेली होती. दोरीचं दुसरं टोक गटातल्या उज्वलाच्या हातात होतं. तिनं पुनमकडं पाहिलं. पुनमनं पोर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि त्यातच हात वळला. पांढरी रेघ ओढ्याकडं सरकली, जवारीला वळसा घालून पुढं गेली. उज्वलानं दोरी ढिली सोडली. तिनं दुसरं काही केलं नाही.

महामाया ताई परत आली आणि थबकली. "इथं वळण आहे का ओढ्याला?"

"हाव," पुनम म्हणाली. "पहिल्यापासून हाय."

"असं? मग पावसाळ्यात समोरच्या काठाला मार बसेल बघा. पाणी अंगावर जाईल. पण मुळातच वळण असेल तर आपण काय करणार." आणि ती पुढं चालू लागली. पुनम म्हणतेय म्हटल्यावर तिला दुसऱ्या कुणाला विचारायची गरज वाटली नाही.

समोरच्या काठाला खातूनबीचं रान होतं. मशीन येळवशीच्या दुसऱ्या दिवशी यायचं होतं, आणि मशीन एकदा पांढऱ्या रेघेवर चाललं की मग कुणाच्या सांगण्यानं ओढा सरळ होणार नव्हता.

येळवशीच्या सकाळी डोक्यावर टोपली घेऊन ती सासूच्या मागं रानात गेली. सासऱ्यांनी, शेषेरावांनी, कडब्याची कोप घातली होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडी पांडव, पुढं आंबिलीचा माठ. माणसं आली, दरवर्षी येतात तशीच आली. उज्वला आली, महामाया ताई आली, बजरंग मळ्याकडून वाट वाकडी करून आला. खातूनबी ओट्यात बोरं घेऊन आली आणि नंदाला मांडीवर घेऊन बसली. कुणी रेघेचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर बरं, असं पुनमला वाढताना वाटत होतं. भज्जी छान झालीय म्हणत होते, आंबिलीला फोडणी झक्कास बसलीय म्हणत होते, आणि सगळ्यांची पाठ ओढ्याकडं होती. एकही माणूस तिकडं तोंड करून बसला नव्हता. हे ठरवून झालं नव्हतं, पण झालं होतं.

"वैनी, बाजरीचा उंडा वाढा की अजून," बजरंग म्हणाला. तिनं वाढला. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. नेहमी वाढणारीला चिडवल्याशिवाय घास न गिळणारा माणूस, आज गपगुमान जेवत होता. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

आंबील शिंपायची वेळ झाली. दरवर्षी शेषेराव स्वतः चंबू घेऊन रानाच्या कडेकडेनं फिरायचे. यंदा गुडघ्यांनी दगा दिला होता, म्हणून चंबू रविकिरणकडं आला. "ओलगे ओलगे, सालम पोलगे," म्हणत तो निघाला, मागं चिल्लीपिल्ली. वरचा बांध झाला, रस्त्याकडचा झाला, आणि मग तो ओढ्याच्या बाजूला वळून जवारीच्या पट्टीत शिरला, अगदी पांढऱ्या रेघेपर्यंत. त्यानं आंबिलीत हात बुडवला.

"थांब!" शेषेराव कोपीशी उठून उभे राहिले. हातात काठी नव्हती, कोपीचा कडबा धरून उभे होते. "तिथं नको शिंपू!"

"कामून, दादा?"

"इकडं ये, सांगतो. त्या बाभळीपाशी ये. तिथून शिंप. तिच्या पुढं आपलं न्हाई."

रविकिरण तिथंच उभा. बाभूळ त्याच्या मागं, रानात चांगली दहा-बारा पावलं आत होती.

बजरंगला राहवलं नाही. "मग कुणाचं हाय म्हणावं, मामा? सरकारचं?"

"ओढ्याचं हाय," म्हातारा म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "नांगर मीच घातला तिथं. पोरं ल्हान होती, भूक होती, घातला. पण आंबील म्या कधी तिथं नेली न्हाई. आजच्या दिवशी आपलं रान म्हणून शिंपायचं असतंय. देवापुढं खोटं कसं बोलू?"

आणि ते खाली बसले, धोतराचा सोगा तोंडावर घेऊन. पुनमच्या सासूनं, साखराबाईंनी, त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला, तोही त्यांनी उचलला नाही.

पुनमच्या हातात वरणाची कळशी होती. ती ठेवावी कुठं हे तिला सुचेना. इतकी वर्षं दर येळवशीला ती कोपीशी भाकरी मोडत बसलेली असायची, कधी पोरीला पाजत बसलेली. म्हातारा कुठवर फिरून येतो हे तिनं कधी मान वर करून बघितलंच नव्हतं. नांगर म्हाताऱ्यानं घातला होता, पण महामाया ताईला हाव म्हणणारं तोंड तिचं होतं.

महामाया ताईनं हळूच पानावरून मान वर केली आणि पुनमकडं पाहिलं. मग परत भाकरीचा तुकडा मोडला. तो घास तिनं फार वेळ चावला.

रविकिरण बाभळीपाशी आला, तिथून शिंपत राहिलेलं रान फिरला. पण आता आवाज पुटपुटल्यासारखा होता.

पुनमनं कळशी खाली ठेवली, कोपीला खोचलेला विळा घेतला आणि तरातरा जवारीत गेली. पहिल्या ताटाला हात घातला. इतकी माणसं बघत होती, हेच तिला हवं होतं आणि हेच सोसवत नव्हतं. विळा लावणार तोच मागून खातूनबी आली, नंदाला कडेवर घेऊन, धापा टाकत.

"हां हां, क्या करती? आज न्हाई, बेटा."

"काढू द्या, खाला."

"आज उभ्या पिकाला विळा लावतेत का कुणी? आज रानाचा सण हाय. उद्या काप." तिनं पुनमच्या हातातला विळा काढून घेतला, जसा लहान पोराच्या हातातून घ्यावा तसा. "चल, तू जेवली न्हाईस अजून."

पुनम तिथंच थांबली. "खाला, तुम्हाला ठाऊक होतं. रेघ मारली त्याच दिवशी दिसलं असंल."

"दिसलं की. डोळे काय गेले न्हाई माझे."

"मग बोलला का नाहीत? तुमचं रान तुटलं असतं पावसाळ्यात."

खातूनबीनं नंदाच्या नाकाचा शेंबूड पदरानं पुसला. "काय बोलू? तुझ्याशी भांडू? पोरगी तुझी रोज माझ्या दारात येती खेळायला. आता पाणी काय, चार महिन्याचं. तुटलं असतं तर तुटलं असतं." जरा थांबून ती म्हणाली, "वाईट वाटलं. हां, ते वाटलं. आईशप्पथ वाटलं."

त्यापेक्षा तिनं शिव्या दिल्या असत्या तर पुनमनं त्या पदरात घेतल्या असत्या. खातूनबीनं तिला हाताला धरून पंगतीत नेलं, आपल्या पानातली अर्धी भाकरी तिच्या पानात ठेवली, आणि समोर बसून राहिली, ती खाईपर्यंत. पुनमनं भज्जीबरोबर खाली मान घालून ती भाकरी संपवली. सगळी पंगत आपल्याला जेवताना बघतेय असं तिला वाटत होतं. वर मान करून खरं-खोटं करायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती आणि रविकिरण रानात होते. त्यानं एका टोकानं कापायला घेतली, तिनं दुसऱ्या टोकानं. मशीन रस्त्यावरून खडखडत उतरलं तोवर पट्टी रिकामी झाली होती, कणसांचा ढीग बांधावर पडला होता, आणि बाभळीपासून नवी पांढरी रेघ सरळ गेली होती. जुनी वाकडी रेघ पुनमनं पायानं पुसली. फक्की मातीत मिसळली तरी खूण दिसतच राहिली.

गाव जमलं. महामाया ताईनं फोन वर धरला, संस्थेला पाठवायचा व्हिडिओ घ्यायला. काल सगळं बघितलेली बाई, तरी तिनं आवाज मोठा केला, मुद्दाम, माणुसकीनं. "बघा मंडळी, आमच्या अध्यक्षांनी हुरड्यातली उभी जवारी काढून ओढ्याला जागा दिली. टाळ्या झाल्या पाहिजेत."

टाळ्या झाल्या. बजरंगनंही वाजवल्या. खातूनबी पलीकडच्या काठावरून वाजवत होती, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन.

"ताई, ते बंद करा," पुनम म्हणाली.

"का?"

"बंद करा आधी." फोन खाली आला. पुनमनं बोलायला घेतलं आणि तिला कळलं की कालपासून मनात जुळवलेलं एकही वाक्य जागेवर नाही. "वळण नव्हतं तिथं. मी तुम्हाला खोटं बोलले. आमचं काही दिलेलं नाही, ओढ्याचं होतं ते ओढ्याला गेलं. दिलं असंल तर खालानं दिलंय. घाट्यातला हरभरा उपटला तिनं, माझ्या शब्दावर. आणि मी..."

शेषेराव मागं चिंचेखाली बसले होते, त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. रविकिरण कणसं पोत्यात भरत होता, त्याचे हात थांबले, मग परत चालू झाले. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी सांत्वन केलं नाही. बजरंग घसा खाकरून म्हणाला, "चला, मशीन चालू करा राव. ऊन वाढून राहिलंय," आणि सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

मशीनचा पंजा पहिल्यांदा बाभळीखालच्या मातीत शिरला. नंदा धावत आली, वर हात करून उड्या मारू लागली. "आई, उच्चल! मला दिशत नाई!"

पुनमनं तिला उचललं. पोर अंगावर उभं राहून टाळ्या पिटत होतं, काळ्या मातीच्या ढिगाला नावं देत होतं, आणि पुनमनं तिच्या इवल्याशा पाठीआड तोंड घातलं. तिथं बरं वाटत होतं. पलीकडून खातूनबी हात हलवत होती, हे तिला नंदाच्या ओरडण्यावरून कळत होतं. वर बघायचं होतं. थोड्या वेळानं बघू, असं ती मनाशी म्हणत होती, आणि थोडा वेळ झाला तरी तिची मान वर होत नव्हती.