गाडीचं टोपडं

पहिलवानाला घरी येऊन दोन दिवस झाले, की त्याची लेक त्याच्या चपला उचलून आणायची, त्याच्या पायाशी जोडून ठेवायची आणि म्हणायची, "काका, जा आता. उशीर होईल."

आता बोला! पोरगी तीन वर्षांची, चेहऱ्यावर असा साळसूद भाव, की रागवायचं तरी कोणत्या तोंडाने? आणि काका म्हणजे कोण, तर तिचा सख्खा बाप. गल्लीतली सगळी पोरं त्याला काका म्हणत. तो पिशवी घेऊन कोपऱ्यावर दिसला, की "काका आले, काका आले" असा एकच कल्ला व्हायचा, आणि त्यात हिचाही आवाज असायचा. बायको समजावून थकली, "अगं, बाबा आहेत ते तुझे." पोरगी शहाण्यासारखी मान डोलवायची आणि म्हणायची, "हो. बाबा काका." सगळे हसायचे. पहिलवानही हसायचा, पण मग त्याला जेवण जायचं नाही.

पहिलवान हे नाव ड्रायव्हर मंडळींनी ठेवलेलं. अंगावर मांस म्हणाल तर नावाला नाही. शर्ट खुंटीवर अडकवल्यासारखा दिसायचा. पण दोन मजली ट्रेलर असा वळवायचा, की बघणाऱ्याने बघत राहावं. कारखान्यात तयार झालेल्या कोऱ्या गाड्या वर-खाली चढवायच्या, चाकं पट्ट्यांनी आवळायची आणि लांबच्या शोरूमला नेऊन पोचवायच्या, हे त्याचं काम. जाऊन यायला आठवडाभर मोडायचा. घरी दोन दिवस टेकतो न टेकतो, तोच पुन्हा फेरी. पोरीला रांगायला आलं तेव्हा तो रस्त्यावर, पहिलं पाऊल टाकलं तेव्हा रस्त्यावर, आणि पहिला शब्द बोलली तोही त्याने फोनवर ऐकला.

जवळच्या शोरूमचीही एक फेरी होती. सकाळी निघा, संध्याकाळी घरी. ती चालवणारा म्हातारा ड्रायव्हर निवृत्त झाला आणि सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. पण ती द्यायची कोणाला हे ठरवणार होते सुधारणासाहेब.

साहेब माल रवानगी खात्यात नवे आले होते. माणूस वाईट नव्हता हो! उलट कामाचा कीडा. कारखान्यातून आरशासारखी निघालेली गाडी शोरूमला पोचेपर्यंत ओरबाडल्यासारखी का होते, या एका प्रश्नाने त्यांची झोप उडवली होती. म्हणून दर सोमवारी एक नवी सुधारणा. त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे कमरेच्या पट्ट्यावर बंदी. गाडीला खेटून काम करताना पट्ट्याचं बकल दारांना घासतं, हे साहेबांनी शोधून काढलं आणि झालं, यार्डात सगळी मंडळी एका हाताने पँट धरून फिरू लागली. पहिलवानाचे तर फारच हाल. त्याची पँट मुळातच पट्ट्याच्या कृपेवर उभी होती. साहेब स्वतःही नियम पाळायचे. गोल पोट, बारीक पाय, आणि बोलता बोलता डावा हात सारखा कमरेकडे जायचा. खोटं कशाला बोला, दारांवरचे चरे खरंच कमी झाले.

तरी एक चरा हटत नव्हता. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची गाडी ड्रायव्हरच्या डोक्यावर नाक काढून बसलेली असते. लांबच्या शोरूमच्या अलीकडे एक अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंनी झाडं वाकलेली, आणि त्यांच्या फांद्या नेमक्या त्या गाडीच्या बॉनेटवर नखं ओढायच्या. दुसऱ्या रस्त्यावर बुटका पूल, त्यामुळे तिकडून जायची सोय नाही. शोरूममध्ये गाड्या तपासून घेणारी ताई हातात टॉर्च घेऊन उभीच असायची. ड्रायव्हर तिला टॉर्चबाई म्हणत. ती बॉनेटवर तिरपा उजेड पाडायची, आणि चरा दिसला, की जिभेने च्यक् करायची.

"जो ड्रायव्हर सगळ्या गाड्या एकाही चऱ्याशिवाय पोचवेल," साहेबांनी एका सोमवारी जाहीर केलं, "जवळची फेरी त्याची."

पहिलवान घरी आला तो हवेत तरंगत. बायको शिवणकाम करायची. मशीनवरून मान वर न करता तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मग त्यात एवढं काय? झाका की त्या गाडीला."

"कशाने?"

"कशाने काय, चादरीने!"

आणि ही चादर म्हणजे साधीसुधी नव्हे. तिच्या आईने लग्नात दिलेली, निळ्यावर ताटाएवढाले गुलाब असलेली. चार कोपऱ्यांना चार बंद शिवून तिने ती नवऱ्याच्या हवाली केली. "जपून आणा हं," एवढंच म्हणाली.

ती फेरी पहिलवान जन्मात विसरणार नाही. ट्रेलरने वेग घेतला, तशी चादरीत हवा शिरली. गुलाब फुगले. मग फडफडू लागले. मग असे नाचू लागले, की समोरून येणारे लोक गाड्या हळू करून बघायला लागले. एका बसमधल्या सगळ्या लोकांनी हात हलवले. पहिलवानानेही हलवला, करतो काय? मनात म्हणाला, हसा लेको, जवळची फेरी मिळाली की मी हसेन.

शोरूमला टॉर्चबाईने चादर उचलली. च्यक् करायचंही विसरली. त्यावरूनच पहिलवानाने ओळखलं, की काम बिघडलं. फांद्यांचा चरा नव्हता, मान्य. पण रस्त्याची सगळी धूळ चादरीखाली शिरली होती आणि गुलाबांनी वाटभर त्या धुळीने बॉनेट घासून काढलं होतं. कोरी गाडी राखेने घासलेल्या पातेल्यासारखी दिसत होती.

"कुणी पॉलिश करायला सांगितलं होतं?" टॉर्चबाईने विचारलं.

घरी आल्यावर त्याने फाटलेली चादर पुढे केली आणि मग दोघांची जी काय जुंपली, ती शेजाऱ्यांनी दारं उघडी ठेवून ऐकली.

"माझ्या आईची चादर ती!"

"तूच म्हणालीस ना, झाका म्हणून!"

"झाका म्हणाले, निशाण करून फडकवा नाही म्हणाले! सैल कशाला बांधलीत?"

"अगं, तूच शिवलेस ना बंद!"

पोरगी दोघांच्या मध्ये उभी राहून आळीपाळीने बघत होती. शेवटी ती आत गेली आणि चपला घेऊन आली. "काका, जा आता."

भांडण तिथेच थांबलं. पहिलवान मटकन खाली बसला. "घे," तो म्हणाला, "माझ्याच घरातून मला हाकलतेय ही. आणि तिचंही काय चुकलं? चार दिवसांचा पाहुणा तो काकाच." बायकोने तोंड फिरवलं आणि उगाचच कपाट आवरायला घेतलं.

कपाटाच्या तळाशी पोरीचं तान्हेपणाचं बोचकं होतं. त्यातलं एक टोपडं हातात आलं आणि ती तशीच थांबली.

"अहो, आठवतं? हे सैल बांधलं, की घासून घासून हिच्या डोक्यामागे टक्कल पडायचं. हनुवटीखाली आवळून बांधायला लागले आणि केस आले."

"मग?"

"मग काय मग? गाडीला चादर नको. टोपडं पाहिजे!"

दोन दिवस मशीन थांबली नाही. पोरीच्या जुन्या मऊ दुपट्यांचे तुकडे जोडून, त्यांवर पिवळी बदकं, असं एक भलंथोरलं टोपडं तयार झालं. कडेने नाडी ओवलेली, बंपरखाली घट्ट आवळायची. आणि बायकोने निक्षून सांगितलं, की आधी बॉनेट स्वच्छ धुवायचं, कोरडं पुसायचं, मगच टोपडं घालायचं. "पोरीला काय मळक्या डोक्यावर टोपडं घालत होते मी?"

यार्डात बदकं बघून ड्रायव्हर मंडळी पोट धरधरून हसली, म्हणजे एका हाताने पोट, दुसऱ्याने पँट. सुधारणासाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी नाडी ओढून पाहिली, कड चाचपली. त्यांचे डोळे चमकले. "मी येतो बरोबर," ते म्हणाले.

साहेब केबिनमध्ये बसले आणि वाटभर दर टपरीवर उतरून मान वर करून बदकं बघत राहिले. टोपडं जागचं हललं नाही. शेवटी तो झाडांचा रस्ता आला. पहिलवान गोगलगाईच्या चालीने ट्रेलर काढत होता. फांद्या वरून खरखरत गेल्या, बदकांवर आपटून बाजूला झाल्या. आणि तेवढ्यात एका फांदीने नाडीचं टोक पकडलं, गाठ सुटली आणि टोपडं एका बाजूने उचललं गेलं.

"थांबवा!" साहेब ओरडले.

ट्रेलर थांबतो न थांबतो, तोच साहेब शिडीवर. पहिलवान "अहो साहेब, मी चढतो, मी चढतो" म्हणेपर्यंत ते वर पोचलेसुद्धा. आता अडचण अशी, की नाडी बांधायला दोन हात लागतात. आणि साहेबांचा एक हात त्यांच्या स्वतःच्याच नियमाने कमरेला जुंपलेला. मागे गाड्यांची ही रांग लागलेली, सगळे माना बाहेर काढून बघताहेत. साहेबांनी एकदा फांदीकडे पाहिलं. एकदा बॉनेटकडे पाहिलं. आणि कमरेचा हात सोडला.

पँट सरळ घोट्यांवर आली.

रस्त्यावर हॉर्न, शिट्ट्या, टाळ्या. साहेबांनी जराही लक्ष दिलं नाही. दोन्ही हातांनी नाडी खेचली, पक्की गाठ मारली, वर आणखी एक मारली, आणि मगच वाकून अब्रू वर घेतली. खाली आले तेव्हा कान लालबुंद झाले होते.

"साहेब, कशाला एवढं?" पहिलवानाला हसावं की रडावं कळेना.

"पहिलवान," साहेब धापा टाकत म्हणाले, "पँट माझी होती. गाडी दुसऱ्या कोणाचीतरी आहे. चला."

शोरूममध्ये टॉर्चबाईने टोपडं सोडलं. उजेड तिरपा पाडला. बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि मध्येच थबकली. पहिलवानाने डोळे घट्ट मिटले. डोळ्यांपुढे चपला आल्या, जोडून ठेवलेल्या.

"दोरा आहे," टॉर्चबाई म्हणाली आणि फुंकर मारली. मग बाकीच्या गाड्या तपासल्या, टॉर्च बंद केला आणि पहिल्यांदाच हसली. "माझ्या भाचीला असलंच एक शिवून मिळेल का?"

जवळची फेरी पहिलवानाला मिळाली. आता तो रोज संध्याकाळी घरी येऊ लागला. पोरगी बुचकळ्यात पडली. रोज येतात हे काका! तिसऱ्या दिवशी तिने नेमाने चपला आणल्या. चौथ्या दिवशीही आणल्या. "बाबा म्हण," असं त्याने एकदाही सांगितलं नाही. चपला घ्यायचा, जागेवर ठेवून यायचा आणि तिच्यासमोर येऊन बसायचा. बायको म्हणायची, "धीर धरा हो. इतके दिवस तिनेही धरला."

असे बरेच दिवस गेले. एका संध्याकाळी दारात सुधारणासाहेब हजर. हातात कागदी पिशवी. वहिनींना नमस्कार करून म्हणाले, सगळ्या ट्रेलरना टोपडी हवी आहेत, कारखान्याने मंजुरी दिली आहे, तुम्ही मनावर घ्या. वहिनींनी चहा ठेवला. बोलणं संपलं तरी साहेब उठेनात. पिशवी या हातातून त्या हातात करत राहिले. शेवटी घसा खाकरून त्यांनी आतून तीन पँटी काढल्या.

"यांनाही, म्हणजे, ती तशीच नाडी..."

बायको पदर तोंडाला लावून आत पळाली. पहिलवानाने महत्प्रयासाने चेहरा सरळ ठेवला.

कोपऱ्यात बसलेली पोरगी हा सगळा प्रकार न्याहाळत होती. ती उठली. दाराशी गेली. पहिलवानाला पाहूनच कळलं, आणि साहेबांसमोर आपली शोभा होणार म्हणून तो शरमेने अर्धा झाला. पोरीने दोन्ही हातांत जोडा उचलून आणला आणि नीट जोडून ठेवला.

साहेबांच्या पायाशी.

"काका, जा आता," ती म्हणाली. "उशीर होईल."

साहेब दचकून उठले. पहिलवानही त्यांना सोडायला म्हणून उठला आणि आपल्या चपला शोधू लागला. दाराशी नव्हत्या. खाटेखाली नव्हत्या. बायकोने कपाट उघडलं, तर तळाशी, टोपड्यांच्या बोचक्यात, दोन्ही चपला उरलेल्या एका दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवलेल्या.

"तू कुठे चाललास?" पोरीने त्याच्या पँटला लटकत विचारलं. "काका जातील. तू बस ना, बाबा."

पहिलवान बसला.