ताज्या अंड्यांची हौस

माझ्या हाताला खरूज झालीय, असं माझ्या धाकट्या नणंदेनं आमच्या मॅनेजरच्या कानात सांगितलं. साफ खोटं! चौदा वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज सकाळी दोनशे चाळीस उकडलेली अंडी सोलतेय मी. गरम पाणी, बर्फाचं पाणी, कवचांचे तुकडे. बोटांना भेगा पडणार नाहीत तर काय गुलाबाच्या पाकळ्या होतील? त्या भेगा कसल्या आहेत हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं, कारण घरी माझ्या बोटांना मलम तीच लावायची.

आणि तिला कामाला लावलं कुणी? मीच. संसार मोडून आमच्याकडे येऊन राहिली होती, दिवसभर खिडकीत बसायची. आमचे हे म्हणाले, "तुझ्याबरोबर ने तिला, जरा मन रमेल." नेलं. पहिल्या दिवसापासून हाताला धरून शिकवलं. पाणी खळखळ उकळलं की मगच अंडी सोडायची, गार पाण्यात घालून तापवत बसायचं नाही. बारा मिनिटं झाली की लगेच बर्फाच्या पाण्यात. मग टेबलावर हलक्या हातानं लोळवून कवच सगळीकडून तडकवायचं, आणि बोथट टोकाकडून, जिथे आत पोकळी असते तिथून, पाण्यात धरून सुरुवात करायची. आतला पातळ पापुद्रा चिमटीत आला की झालं काम.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही. मांजरीनं वाघाला सगळं शिकवलं, पण झाडावर चढणं तेवढं राखून ठेवलं म्हणतात ना, तसंच. ती गोष्ट अशी की अंडं ताजं नको. ताजं अंडं पापुद्र्याला घट्ट धरून बसतं, कवच ओढलं की पांढरं लचक्यानं निघून येतं. थंड खोलीत आठ-दहा दिवस पडून राहिलेलं अंडं मात्र सुरेख सुटतं. अंडीवाला ट्रे देऊन गेला की मी नवे ट्रे मागे सारायचे, जुने पुढे ओढायचे, आणि ओळखायला ट्रेचा कोपरा दुमडून ठेवायचे. मॅनेजरला पत्ता नव्हता. त्याला वाटायचं, मी झाडलोट करतेय.

तर एक दिवस मॅनेजरनं बोलावलं आणि म्हणाला, "बाई, उद्यापासून तुम्ही भांड्यांकडे जा. अंडी तुमची नणंद बघेल. हाताचं कळलंय मला." हात दाखवा म्हणाला नाही, डॉक्टरकडे पाठवलं नाही. आणि खरूज असती तर लोकांची ताटं तरी घासायला कशी दिली? पण एवढी अक्कल असती तर तो मॅनेजर कशाला झाला असता!

भांड्यांचं मला काही नव्हतं हो. पण लेथ मशीनवरचा एक म्हातारा कारागीर आहे. चौदा वर्षं रोज म्हणायचा, "मावशी, तुमच्या हातचं अंडं म्हणजे आरसा." खरुजेची कुजबुज एव्हाना कॅन्टीनभर झाली होती. त्याच्या टेबलावर मी पाण्याचा ग्लास ठेवला, तर त्यानं तो कोपरानं लांब सरकवला. मोरीपाशी जाऊन मी नळ मोठा सोडला आणि रडले. संताप, संताप झाला नुसता.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "जाऊ दे ना, घरातल्या घरात कशाला? बहीण आहे माझी." आणि बहीणबाई पलीकडे केस विंचरत बसलेल्या. मी तिला विचारलं, "का गं असं बोललीस?" तर म्हणते, "वहिनी, मी तर काळजीपोटी बोलले. तुलाही आराम नको का?"

त्या दिवशी ठरवलं. मला दोन गोष्टी हव्या होत्या. माझं टेबल परत, आणि माझे हात स्वच्छ आहेत हे तिच्याच तोंडून, सगळ्यांसमोर.

पहिले आठ दिवस तिचे अगदी मजेत गेले. जातील नाही तर काय! मी लावून ठेवलेले जुने ट्रे पुढे होते, त्यांच्यावरच मिरवली. एकेक अंडं गुळगुळीत. मॅनेजर म्हणाला, "वा, शिष्या गुरूच्या पुढे गेली!" मी मोरीवर काथ्यानं पातेली घासत ऐकत होते. नव्या ट्रेकडे मी बघतसुद्धा नव्हते. पुढचे मागे, मागचे पुढे करायला आता मी कोण?

मग कळलं, गुरुवारी कंपनीचे मोठे मालक जेवायला येणार. कामगारांच्याच रांगेत बसणार, कामगारांचंच जेवण जेवणार. मॅनेजरच्या अंगात आलं. आणि नणंदेच्या तर काय विचारूच नका! अंडीवाल्याला बजावलं तिनं, "गुरुवारी पहाटे कोंबडीनं घातलेली अंडी पाहिजेत. कालची आणलीस तर परत पाठवीन." मग माझ्याकडे वळली. "वहिनी, मागच्या थंड खोलीत ते आठ ट्रे पडलेत ना, शिळे झालेत. फेकून दे."

मी हात पुसले. "नक्की फेकू?"

"शिळं ते शिळं. मालकांना शिळं घालणार का आपण?"

"बरं," म्हटलं.

देवाशपथ सांगते, तिला विचारायची संधी मी दिली होती. तिनं घेतली नाही. आठही ट्रे मी थंड खोलीतच, मागच्या फळीखाली पोत्याआड ठेवले. त्यातलं एक अंडं बादलीत सोडून पाहिलं. तळाशीच राहिलं, तरंगलं नाही, म्हणजे अगदी चांगलं.

गुरुवारी सकाळी ती नवी साडी नेसून आली. पाणी उकळलं, बारा मिनिटं मोजली, बर्फ घातला, लोळवलं, बोथट टोक पकडलं. सगळं मी शिकवलेलं, तसूभरही चुकली नाही. पहिलं अंडं सोललं, तर निम्मं पांढरं कवचाबरोबर. दुसरं, तिसरं, दहावं, सगळ्यांचं तेच. उंदरानं कुरतडल्यासारखी दिसत होती अंडी. ती घाबरली, जोर करायला लागली, कवचं नखांत घुसायला लागली. मी पातेली घासत होते. जरा जास्तच चकाचक घासली त्या दिवशी.

शेवटी आलीच. कपाळावर घाम, आवाज बारीक. "वहिनी, काय होतंय हे? जरा हात लाव ना. फक्त आजचा दिवस."

"मी?" म्हटलं. "छे गं बाई. माझ्या हाताला खरूज आहे ना."

तिचं तोंड असं काही उतरलं! मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तेवढ्यात मॅनेजर आला. थाळीतलं एक अंडं उचललं, उलटं केलं. त्यावर रक्ताचा ठिपका होता. "हात दाखव," तो तिच्यावर ओरडला. बघा, मला कधी म्हणाला नव्हता. तिनं दाखवले. दहाची दहा बोटं चिरलेली.

"बाई," तो माझ्याकडे धावला, "तासाभरात मालक येतायत. काहीतरी करा!"

"करते की. पण पहिल्या पंगतीला कामगार बसायला लागलेत. हिनं आधी बाहेर जाऊन सांगायचं की माझ्या हाताला काही झालेलं नाही आणि ही खोटं बोलली. मोठ्यानं. लेथवरच्या माणसाला ऐकू जाईल इतकं."

तिनं मॅनेजरकडे पाहिलं. त्यानं दाराकडे बोट दाखवलं. गेली ती. पहिल्यांदा पुटपुटली. मी म्हटलं, "ऐकू नाही आलं." दुसऱ्यांदा बोलली ती पार लेथवाल्यांच्या टेबलापर्यंत ऐकू गेली. म्हातारा कारागीर उठला, माझ्याजवळ आला आणि नुसता हात जोडून उभा राहिला.

मग मी आतून माझे आठ ट्रे काढले. मालकांच्या ताटात गेलेलं अंडं तुम्ही पाहायला हवं होतं. आरसा.

मी ट्रे बाहेर काढायच्या आधीच मॅनेजरनं नणंदेला घरी पाठवलं होतं. संध्याकाळी मी पोचले तर ती खिडकीत बसलेली, बोटं सुजलेली. हे माझ्याकडे बघेनात. मी मलमाची डबी घेतली, तिच्यापुढे बसले आणि एकेका बोटाला हळूहळू लावायला लागले. तिला रडू फुटलं.

"चुकले मी, वहिनी," म्हणाली. "पुढच्या गल्लीतल्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई हवीय. सोमवारी जाऊन बघते. रोज शंभर अंडी लागतात त्यांना. माझं काय चुकलं तेवढं सांग ना गं."

मी तिच्या करंगळीला मलम लावलं, वर स्वच्छ चिंधी बांधली, गाठ मारली.

"अगं वेडे, एवढंच चुकलं," म्हटलं, "अंडी आणखी ताजी हवी होती."