गुडघ्याचं विचारलं नाही
पारोळ्याच्या बाजार समितीत पोती वाहणारे सुपडू नाना डॉ. वच्छला पवारांकडे आले, ते १९८९ सालच्या कपाशीच्या हंगामात. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा रुततो, म्हणाले. बाईंनी टाच दाबून पाहिली आणि दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या दहा दिवसांसाठी लिहून दिल्या. सगळं चार मिनिटांत आटोपलं.

सहाव्या दिवशी नाना चक्कर येऊन पडले. दोन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, पण त्यांनी घरात सांगितलं नव्हतं. धुळ्याला नेल्यावर पोटात रक्तस्राव झाल्याचं कळलं; रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या, तेव्हा ते सावरले.

नाना घरी आल्याचं कळताच बाई तिकडे गेल्या. नानांच्या बायकोने, ताईबाईने, फडताळातून कागदाच्या पुड्या काढून पुढे ठेवल्या. आठवडी बाजारातून गुडघ्यासाठी आणलेल्या, रोज दोन. एकेका पुडीत तीन गोळ्या. त्यांतली एक तीच, बाईंनी लिहिलेली.

"नाना या घेतात हे मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही टाचनं इचारं," ताईबाई शांतपणे म्हणाली. "गुडघानं कोठे इचारं?"

बाईंनी पुडीतली ती गोळी पुन्हा उलटून पाहिली. मग म्हणाल्या, "खरंय. चूक माझी."

नानांच्या टाचेला त्यांनी पुन्हा गोळी दिली नाही. चपलेत जाड स्पंज घालायला लावला, भिंतीला हात टेकून पोटरी ताणायला शिकवलं. मुकादमाला भेटून नानांना महिनाभर तोलकाट्याच्या बैठ्या कामावर बसवून घेतलं. टाच बरी व्हायला तीन महिने लागले. दर आठवड्याला बाई स्वतः विचारपूस करत.

दवाखान्यातही त्यांनी नियम केला. घरात असतील नसतील त्या गोळ्या, पुड्या, काढे पिशवीत घालून आणायचे. ते पाहिल्याशिवाय चिठ्ठी नाही.

व्यापारी रतिलालशेठ चिडले. "पाय दुखतोय माझा. घरची झडती कशाला?"

"शेठ, पिशवी आणा. मी थांबते."

ते उठून गेले, परत आले नाहीत. त्यांच्यामागे आणखीही काही गेले.

"बाई, पेशंट तुटताहेत," कंपाउंडर भाईदास म्हणाला.

"तुटू दे."

पुढच्या मंगळवारी बाराच जण आले. बाईंनी बाराही पिशव्या टेबलावर रिकाम्या करून पाहिल्या, आणि पाच जणांना नवीन गोळी दिलीच नाही.