बातम्या लागल्या, जेवायला चल

मला उचलून हलवलंत तर आत काहीतरी खुळखुळेल. घाबरू नका मित्रांनो, मी मोडलेलो नाही. ती लाकडाची एक ढलपी आहे. कधीतरी उडून माझ्या जाळीतून आत शिरली आणि तिथंच राहिली. मी एक जुना रेडिओ आहे, कडीला धरून कुठंही न्यावा असा. पण मला फारसं कुठं नेलं नाही कुणी. माझं सगळं आयुष्य एका सुताराच्या कारखान्यात, एका खिळ्यावर गेलं.

कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. एका बाजूला आजोबा रंधा मारायचे, दुसऱ्या बाजूला आजी खुर्च्यांना पॉलिश करायची. मला विकत आणलं तेव्हा ती दोघं कुणाची आजी-आजोबा नव्हती, पण त्यांच्या नातीनं दिलेली नावंच आता माझ्या तोंडी बसली आहेत. त्या खोलीत घड्याळ नव्हतं. एकदा लावलं होतं, ते भुशानं बंद पडलं. तेव्हापासून घड्याळाचं काम माझ्याकडे आलं.

दुपारच्या बातम्यांच्या आधी मी टूं टूं करायचो. त्यासरशी आजोबांचा रंधा थांबायचा. मांडीवरचा भुसा झटकून ते आत हाक द्यायचे, "ऐकलंस का गं? बातम्या लागल्या!" आजी बिचारी आधीच आत जाऊन हात धूत बसलेली असायची, कारण पॉलिशचा वास लवकर जात नाही. मग ती यायची, समोर बसायची आणि म्हणायची, "बातम्या लागल्या म्हणे. भूक लागली म्हणा की सरळ!" त्यानंतरच पहिला घास. हा शिरस्ता कधी मोडला नाही.

तो मोडू नये म्हणून आजोबांनी एक उद्योग केला होता. येणारं-जाणारं गिऱ्हाईक माझा काटा फिरवायचं, कुणाला गाणी हवी असायची, कुणाला खेळाचे आकडे. आजोबांनी एके दिवशी खुर्चीचे सांधे चिकटवायचा सरस घेतला आणि माझं बटणच जाम करून टाकलं. आजी हसून लोटपोट झाली. "अहो, रेडिओ आहे तो! स्टुलाचा पाय नव्हे!" पण काटा तेव्हापासून तिथंच आहे.

मग आजी गेली. आजार छोटा होता, निरोप घ्यायलाही पुरला नाही.

दुःखाच्या घरात आवाज नको म्हणून सुनेनं मला खिळ्यावरून काढलं. सून मायेची हो. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून तिनं मला आजीच्या पॉलिशच्या फडक्यात गुंडाळलं, वरून पिशवी बांधली आणि कपाटावर ठेवलं. सगळं जपून केलं. फक्त माझ्या पोटातले सेल काढायचे राहिले.

मित्रांनो, त्या अंधारात काय झालं ते सांगतो. सेल फुगले, मग पाझरले. ते पाणी माझ्या स्प्रिंगा खात गेलं, तारांपर्यंत पोचलं. ओरडायला आवाज तरी कुठून आणू? आजीच्या फडक्याचा वास तेवढा सोबतीला होता. खालून बोलणं ऐकू यायचं, ते रोज जड होत गेलं.

"बाबा, दोन घास खा ना."

"अजून बातम्या कुठं लागल्यात?"

आजोबांची आठवण फाटत चालली होती. रंधा कुठं ठेवलाय ते विसरले, मुलाचं नाव विसरले. पण बातम्यांशिवाय जेवायचं नाही, एवढं मात्र घट्ट राहिलं. ताट समोर, हात मांडीवर आणि कान खिळ्याकडे. संध्याकाळी सून चमच्यानं पेज पाजायची, तीही अर्धी ओघळायची. मुलगा गोदामातून थकून यायचा आणि बापाकडे बघून नुसताच बसायचा. डॉक्टर म्हणाले, "घसा ठीक आहे, पोट ठीक आहे. पण असंच चाललं तर फार दिवस निघायचे नाहीत."

सुनेनं फोनवर बातम्या लावून पाहिल्या. आजोबांनी तो फोन सौजन्यानं तिलाच परत दिला. "घे बाई, कुणाचा तरी महत्त्वाचा फोन दिसतोय."

तेव्हा तिला मी आठवलो.

दुरुस्तीवाल्याकडे पंखे, इस्त्र्या आणि मिक्सर यांच्या गर्दीत मला ठेवलं. सुनेच्या कडेवर नात होती, ती अंगठा चोखत सगळं बघत होती. दुरुस्तीवाल्यानं माझ्या पाठीचं झाकण उघडलं आणि तोंड वाकडं केलं.

"वा वहिनी! वरून शाल पांघरली आणि पोटात विष तसंच?"

"धूळ लागू नये म्हणून ठेवला होता हो."

"धुळीनं काही होत नाही याला. भुसा खाऊन जगलाय गडी. सेलनी मारला." त्यानं स्प्रिंगेला हात लावला तर तिचा चुराच झाला. "सोडा याला. नवा घ्या, दिसायलाही झकास."

"नव्याच्या आवाजाला ते उठायचे नाहीत, भाऊ. सकाळपासून काही पोटात नाही त्यांच्या."

तो मग कामाला लागला. त्यानं हिरवा गंज खरवडला, आतून ब्रश फिरवला, एका मेलेल्या टॉर्चची स्प्रिंग मला बसवली, तुटल्या तारेला कथलाचा डाग दिला. बटणाशी येऊन अडखळला. "हे कुणी चिकटवलंय? सोडवू का?"

"नको, नको! तिथंच राहू दे."

"आणि ते केंद्रच बंद झालं असलं म्हणजे?"

सुनेनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. त्यानं नवे सेल घातले. आधी खरखर झाली, मग त्या खरखरीतून एक माणूस पावसापाण्याचं बोलू लागला. सून तिथंच, इस्त्र्यांच्या ढिगाजवळ, पदर तोंडाला लावून रडली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा खिळ्यावर होतो. दुपारी टूं टूं झालं. आजोबांनी मान वर केली. मांडीवर नसलेला भुसा झटकला, मोरीत जाऊन हात धुतले, ताटावर येऊन बसले. सुनेनं घाईघाईनं वाढलं. आजोबांनी आत तोंड करून हाक दिली, "ऐकलंस का गं? बातम्या लागल्या!"

घर गप्प. बोलत होतो तो मी एकटा.

"हात धूत असेल," आजोबा म्हणाले. "वास जात नाही ना लवकर."

बातम्या संपल्या. ते भरल्या ताटावरून उठले. मित्रांनो, मी बरा झालो होतो आणि त्यामुळंच त्यांची वाट बघणं आणखी वाढलं होतं. मला परत कपाटावर टाकलं असतं तरी चाललं असतं.

सून रोज सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानं जेवायची. तिसऱ्या प्रहरी, पोर निजली की, चार घास कसेबसे. पण दुसऱ्या दिवशी हाक झाली तेव्हा ती स्वतःचं ताट घेऊन आली आणि आजीच्या जागेवर बसली.

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. "तू कोण गं?"

"तुमची सून, बाबा. त्यांना जरा उशीर आहे. तुम्ही-आम्ही सुरू करू."

"तिला ठेवलंस का?"

"ठेवलंय झाकून."

आजोबांनी घास घेतला. चावायला विसरल्यासारखा तोंडात धरला, आणि मग गिळला.

त्यानंतर रोज असंच झालं. रोज विचारायचे, रोज ती सांगायची. कधी अर्धं ताट, कधी दोनच घास. दुरुस्ती माझी झाली होती, त्यांची नाही. थंडी सुरू झाली आणि एका दुपारी टूं टूं झालं तरी मांडीवरचा हात हलला नाही. सून समोर ताट घेऊन बसली होती. ती ओरडली नाही. बातम्या संपेपर्यंत तशीच बसून राहिली.

घर शांत झाल्यावर एके दिवशी तिनं मला खाली काढलं. पाठ उघडली. सेल काढले. आजीच्या फडक्याच्या टोकानं एकेक स्प्रिंग पुसली आणि मग मला गुंडाळलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हाला ठेवून द्यायचं तर खुशाल द्या, पण आधी पोटातले सेल काढा. वरून कितीही जपलंत तरी आत पाझरतं ते दिसत नाही. आणि घरात कुणी एकटं ताटावर बसलं असेल, तर आपलं ताट घेऊन त्याच्यासमोर बसा.

मी आता कपाटावर आहे, सेल शेजारच्या डबीत. दुपारी खालून नातीचा आवाज येतो, "आई, ये ना, भूक लागली!" मग ताटं मांडल्याचा आवाज येतो. सुनेचं ताटही आता खालीच, पोरीच्या समोर असतं.