परत येण्याचं कारण

पहिला नकार आला तेव्हा मोनिका स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. कागद इंग्रजीत होता. तिनं तो वाचला, फ्रिजवर ठेवला आणि उरलेली भेंडी चिरली. मला वाटलं, विजेचं बिल असेल.

मोनिका माझी नात, गहिनीनाथची थोरली. वय एकवीस. आम्ही सावेडीत फ्लॅटमध्ये राहतो, मूळचे सोनईचे. तिथल्या शाळेत मी उभा जन्म शिकवलं, म्हणून सोनईची माणसं मला अजून बाई म्हणतात. मोनिका मोबाईलवर खेळते. खेळते म्हणजे तिचं कामच ते आहे, महिन्याचा पगार येतो. चार मुलींचा संघ आहे. एक पुण्याची, एक नाशिकची, एक इंदूरची आणि ही. चौघी आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसतात आणि एकमेकींशी बोलत बोलत लढतात. आधी मी रागवायची. मग त्या देशात पहिल्या आल्या आणि त्यांना युरोपातल्या स्पर्धेचं बोलावणं आलं. तेव्हापासून ती खेळायला बसली की मी कुकर लावत नाही. शिट्टीनं तिला पलीकडचं ऐकू येत नाही.

कागदावर लिहिलं होतं, मुदत संपल्यावर अर्जदार मायदेशी परत जाईल याची आम्हाला खात्री वाटत नाही.

"परत येणार नाही तर राहील कुठं?" मी विचारलं.

"ते त्यांना विचार, आई," गहिनीनाथ म्हणाला.

बाकी तिघींना व्हिसा मिळाला. पुण्याची नोकरीला होती, नाशिकचीचं लग्न झालेलं, इंदूरची कॉलेजात. मोनिकानं कॉलेज सोडलेलं. व्यवसाय विचारला होता तिथं तिनं खरं तेच लिहिलं होतं, खेळाडू.

गहिनीनाथनं पुण्याच्या एजंटला फोन लावला. करण नावाचा मुलगा. फोन स्पीकरवर होता.

"काका, तिच्या नावावर काही आहे का? फ्लॅट, जमीन?"

"पोरीच्या नावावर कोण करतं हो?"

"लग्न?"

"नाही."

"मग त्यांनी तरी काय बघून सोडायचं? बांधलेलं काहीतरी दाखवा काका. निदान साखरपुडा तरी!" आणि तो हसला.

गहिनीनाथ हसला नाही.

आदल्या वर्षी सोनईच्या लंकाबाईंनी त्यांच्या नातवासाठी, अमृतसाठी, विचारलं होतं. अमृतचं बियाणं-खतांचं दुकान आहे. माझ्याच वर्गात शिकलेला, सरळ मुलगा. तेव्हा मोनिका म्हणाली होती, "आत्ता नको." आता गहिनीनाथनं गॅलरीत जाऊन सोनईला फोन केला. आत येऊन म्हणाला, "फोटोपुरता कार्यक्रम करू. पुढचं पुढं."

तिकडं त्यानं काय सांगितलं, ते कुणी विचारलं नाही.

"त्यानं व्हिसा मिळेल?" मोनिकानं विचारलं.

"वजन तर पडेल."

"मग करा."

माझं लग्न ठरून सुपारी फुटली तेव्हा मी आत ज्वारी पाखडत होते. बाहेर घोंगडीवर पुरुष बसले होते. अडकित्त्याचा आवाज आला, मग सगळ्यांच्या हसण्याचा, आणि आईनं माझ्या हातातलं सूप काढून घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांची झाले. आमच्या आळीत एका मुलीचा नवरा मुलगा लग्नाच्या आधीच विहिरीत पडून गेला, तर तिला त्याच्या धाकट्या भावाला दिली. तो तिच्यापेक्षा लहान होता. सुपारी फुटलेली, म्हणून. पुढं तिची मुलं माझ्याच शाळेत आली. डब्यात नेहमी तिळाची चटणी असायची. मला हे सगळं आठवतं, पण आठवून काही होत नाही.

साखरपुडा सावेडीतल्याच एका हॉलमध्ये झाला. मोनिका मोरपंखी साडीत छान दिसत होती. गहिनीनाथ फोटोग्राफरच्या मागं मागं होता.

"बॅनर सगळा येऊ द्या. नावं वाचता आली पाहिजेत. आणि तारीख."

"काका, लोक म्हणतात पोरीचा चेहरा नीट काढा. तुमी तारीख काढा म्हणताय!"

लंकाबाईंनी माझा हात धरला. "सुपारी फुटली बगा, बाई. आता पोरगी आमची."

"हो," मी म्हणाले.

फोटोंचा अल्बम केला, तो फाइलसोबत घेऊन बापलेक मुंबईला गेले. परत आल्यावर मोनिका जेवली आणि मग सांगायला बसली.

"काचेपलीकडं एक बाई होती. म्हणाली, फोन तर तुझ्याकडं इथंच आहे, मग खेळायला तिकडं कशाला जायचं?"

"मग तू?"

"सांगितलं. मोठा हॉल असतो, सगळे संघ समोरासमोर बसतात. ती म्हणाली, ओके."

"आणि फोटो?"

"अल्बम काचेखालून सरकवला. तिनं न उघडता परत सरकवला."

दुसऱ्या नकारात तेच वाक्य होतं. संघानं तिच्या जागी सुरतेची एक मुलगी घेतली. मोनिकानं तिला फोनवर आपले सगळे डाव समजावून सांगितले. कुठं लपायचं, कुणी कधी पुढं व्हायचं. शिकवताना तिचा आवाज माझ्या आवाजासारखा येत होता.

मी गहिनीनाथला म्हटलं, "आता सोनईला कळव."

"काय कळवू, आई? सुपारी कशासाठी फोडली ते?"

त्यानं कळवलं नाही. मीही नाही. मग एका रविवारी लंकाबाई आणि अमृत लग्नाची तारीख धरायला आले. तिकडं त्याच दिवशी स्पर्धेचा शेवट होता.

अमृतच म्हणाला, "आज मॅच हाय ना? लावा की टीव्हीवर."

मोनिकानं लावली. केवढा हॉल होता. निळे दिवे, हजारो माणसं. पिवळ्या जर्सीतल्या चौघी मंचावर बसलेल्या. चौथी सुरतेची; तिच्या पाठीवर नावाच्या जागी पट्टी चिकटवली होती.

"ह्यात तुमी कुठल्या?" अमृतनं विचारलं.

"मी नाही त्यात."

त्याचे कान लाल झाले. "न्हाई, तुमची टीम म्हनतो मी."

"पिवळी."

खेळ चालू असताना मोनिका दोनदा पुटपुटली, डावीकडं, डावीकडं. मग थांबली. पिवळ्या मुली सातव्या आल्या.

"संपलं व्हय?" लंकाबाई म्हणाल्या. "मारामारी झाली, आता आपलं बोलू. मे महिन्यात लई तिथी हायेत."

गहिनीनाथ पाण्याचा ग्लास फिरवत राहिला. "एवढी घाई कशाला? वर्षभरानं बघू ना. पोरगी लहान आहे अजून."

तो वेळ काढत होता. मला कळत होतं, कदाचित अमृतलाही.

"एप्रिलच्या आत होईल का?" मोनिका म्हणाली.

लंकाबाईंनी मांडीवर थाप मारली. "आगं बया! बाप म्हनतो वर्साची सवड द्या, आन् पोरीलाच दम न्हाई!" त्यांना हसताना ठसका लागला. माझी सून पाणी आणायला उठली, तीही हसत होती. मीही हसले.

मोनिका अमृतकडं बघत होती. "लग्नाचा दाखला किती दिवसांत मिळतो?"

"ते... ग्रामपंचायतीत इचारतो."

"विचारा. पासपोर्टवर तुमचं नाव लागायला वेळ जातो. मेमध्ये मला पुढच्या स्पर्धेसाठी अर्ज टाकायचाय. या वेळी नुसते फोटो चालले नाहीत."

"चालले न्हाईत म्हंजे? कुटं?"

"व्हिसाला."

टीव्हीवर जिंकलेल्या मुली चषक उचलत होत्या. अमृत तिकडं बघत राहिला, मग खिशातून फोन काढला. मला वाटलं, आता हा उठेल. तो उठावा असंही वाटलं.

"दाखल्याला आधार कार्ड लागंल," तो म्हणाला. "त्याचा फोटो पाठवून ठिवा."

"पाठवते."

गहिनीनाथनं ग्लास खाली ठेवला. लंकाबाईंनी सोबत आणलेला पुडा सोडला आणि पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबला. मी तो चावत राहिले.