आडाने जपलेला वाढदिवस

मी एक जुना आड आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी कुणाचं काही विसरत नाही.

नगरच्या जुन्या पेठेतल्या कासार गल्लीत मला खोदलं, घडीव दगडांनी बांधलं. सारी गल्ली माझ्या पाण्यावर वाढली. बाळ झालं की बाळंतीण माझ्या काठावर येई, हळदकुंकू वाही आणि मगच घरातल्या पाण्याला हात लावी. गल्लीतल्याच बजरंगची आईही त्याला कुशीत घेऊन अशीच आली होती.

पुढे घरोघर नळ आले. माझा रहाट मोडला. पूजा तेवढी काठावर उरकून बायका परत जात. तेही मी सोसलं. पण बजरंग पुढारी झाला आणि दर वाढदिवसाला स्वतःच्या फोटोचे फ्लेक्स लावू लागला. वाढदिवस सरला की फ्लेक्स माझ्या पोटात. त्याचं बघून सगळेच कचरा टाकू लागले. मी दात-ओठ खात सगळं पोटात ठेवलं.

यंदा गल्लीत पुन्हा जीव आणायचं ठरलं. ओटे दुरुस्त झाले, बंद दुकानं उघडली. बजरंग मात्र म्हणाला, आड बुजवून पार्किंग करू. मुरमाचा टेम्पोही येऊन उभा राहिला. त्याच सकाळी त्याची सून निकिता बाळाला घेऊन पूजेला आली. सोबत तिच्या माहेरची माणसं होती. शेजारच्या आक्काबाई बजरंगला आडव्या आल्या.

"पूजा मुरमाची करायची व्हय रं? आधी आड साफ कर. तुझ्या आईनं हितंच डोकं टेकवलं हुतं."

व्याह्यांसमोर त्याला नाही म्हणता येईना. आक्काबाईंनी आडात पडलेल्या घागरी काढायचा जुना गळ आणून आत सोडला. मी याच घडीची वाट बघत होतो. पहिल्याच खेपेला बजरंगचा फ्लेक्स वर आला. मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येकावर हात जोडून हसणारा बजरंग, तोंडावर काळा गाळ.

"अण्णा, हे सगळे तुमचेच?" निकिताने हळूच विचारलं.

बजरंगने मान खाली घातली. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

टेम्पो मुरूम घेऊन परत गेला. पुढे गाळ निघेपर्यंत बजरंग स्वतः घमेली वाहत होता. माझे झरे मोकळे झाले, निकिताची पूजा झाली. आता संध्याकाळी गल्ली माझ्या काठावर गप्पा मारत बसते. बजरंग तेवढा लांबून जातो.

मित्रांनो, जुन्या आडांना जपा. जपायचं नसेल तर खुशाल टाका काय टाकायचं ते. मी सगळं नीट ठेवीन, आणि तुमच्या घरचं बाळ पूजेला आलं की चारचौघांत वर काढीन.