माझ्या नोंदीची वही कुणाकडं

मी एक नाव बोलतंय. दारावरच्या पाटीवरचं न्हाय, मोबाईलमध्ये टाकल्यावर वेबसाईट उघडते, ते नाव. जन्म तुळजापूरचा, नारायणराव उपाध्यांच्या घरचा. आडनाव मात्र, टिंबाच्या पुढचं, लांबच्या एका बेटदेशाचं.

झालं असं, आपल्या देशाच्या आडनावाखाली हवं ते नाव आधीच कुणीतरी घेऊन ठेवलं होतं. तेव्हा सूनबाई चंद्रप्रभा म्हणाल्या, "मामंजी, बेटाचं घेऊ. छोटं आहे, लक्षात राहतं."

नारायणराव हसले. "नाव आपलं, आडनाव परक्याचं. सासरी गेलेल्या लेकीसारखं की."

त्यांच्या वहीत देवीच्या दर्शनाला येणाऱ्या, बिदरपासून नागपूरपर्यंतच्या घरांच्या वंशावळी होत्या. चंद्रप्रभानं त्या माझ्या आत आणल्या. लेकरू झालं की लोक माझ्याकडं येऊन नाव भरायचे, फोन नंबर, मुक्कामाची तारीख. बिदरच्या गिरिजाबाईंचा एकदा फोन आला, "ताई, नातीचं नाव मीच टाकलं बघा. एका बोटानं, पण टाकलं." माणसं दुकानदाराला नंबर देताना दहादा विचार करतात, पण देवीचा फोटो दिसला की सगळं घर उघडं करतात. मला तेव्हा त्याचं लई कौतुक वाटायचं.

आता भ्या वाटतं.

प्रत्येक देशाच्या आडनावाची एकच नोंदवही असते. ती ज्याच्या हातात, तो ठरवतो कुठलं नाव कुणाचं. बेटाची वही कितीक वर्षं एका परदेशी कंपनीकडं होती. यंदा तिथल्या सरकारनं मंडळ नेमलं आन् म्हटलं, वही आमची, द्या. कंपनी म्हणाली, आमी सांभाळली, न्हाय देत.

मग दोघांची पत्रं आली. मंडळाचं पत्र: तीस तारखेला संध्याकाळी पाचच्या आत नाव आमच्याकडं पक्कं करा, न्हायतर ते मोकळं सोडू, मागेल त्याला मिळेल. कंपनीचं पत्र: त्यांना उत्तर दिलंत तर आमी तुम्हाला वहीतून काढू.

"मंडळाला कळवू या, मामंजी," चंद्रप्रभा म्हणाल्या.

नारायणराव धोतर वाळत घालत होते. "भावकीत पूजेच्या पाळीवरून वाद लागला की आपल्या घरात काय करतात?"

"वाद मिटेस्तोवर कुणाच्याच हातात नारळ देत न्हायत."

"मग? ज्याची पाळी ठरंल तो हाक मारील."

"ते तुमचे चुलतभाऊ न्हायत. आपण कोण, त्यांना ठाऊक पण न्हाय."

"वहीत नाव आहे ना? मग ठाऊक आहे."

उत्तर पाठवायला लागणारा ओटीपीचा आकडा नारायणरावांच्याच फोनवर यायचा, आन् फोन त्यांच्या कनवटीला. वाद मिटेस्तोवर थांबायच्या त्या रीतीनं या गल्लीत कितीतरी डोकी फुटायची वाचली होती, म्हणून चंद्रप्रभाही थांबल्या.

त्याच आठवड्यापासून कुणीतरी अनोळखी माणूस रोज माझी चौकशी करायला लागला. हे नाव सुटलं का? दुसऱ्या दिवशी परत. सुटलं का? त्याला नाव न्हाय, गाव न्हाय. नुसता विचारतो आन् जातो.

सोमवारी कोर्टात मंडळ जिंकलं. कुणी हाक मारली न्हाय. आज तीस तारीख. सकाळी नारायणरावांनी कनवटीचा फोन काढून सूनबाईंपुढं ठेवला. चंद्रप्रभानं अर्ज पाठवला. उत्तर आलं: मालकीची खातरजमा जुन्या कंपनीकडून करू, सात दिवस लागतील. मुदत तीच.

चंद्रप्रभानं वंशावळी काढून घेतल्या. जाईल ते फक्त दार. पण लोक दारावरच विश्वास ठेवतात.

दुपारपासून नारायणराव एकेका घराला फोन लावतायत. "उद्यापासून त्या नावावर काही भरू नका. व्हय, आमचंच होतं. चूक माझी झाली." घरं सहाशेच्या वर. आता साडेचार झालेत, एकेचाळिसावा फोन चाललाय. गिरिजाबाईंचा लागत न्हाय.

त्या माणसानं आज चारदा विचारलं.

पाचनंतरही मी असंन, पण दुसऱ्याच कुणाच्या हातात. फोटो तोच दिसंल, रकाने तेच असतील, कदाचित जास्त गोडीनं विचारतील. तुमच्यापर्यंत नारायणरावांचा फोन पोचला नसंल, तर एवढं ऐका. माझ्याकडं येऊ नका. तुमच्या लेकराचं नाव मला सांगू नका.